एका ओळीत न मावलेली सावरबोडी

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझी कीव करू नका. माझा रंग उडाला आहे, एका कोपऱ्याला पोचा आहे आणि पंखा घरघरतो. हे सगळं खरं आहे. पण माझ्यावर जो आळ आला होता तो खरा नव्हता. तो कसा आला आणि कसा पुसला गेला, तेवढं ऐकून घ्या. मग मला जुना म्हणा, भंगार म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

राउटर म्हणजे निरोपांना रस्ता दाखवणारा डबा. तुम्ही कॉम्प्युटरवरून काही पाठवलं की ते तारेतून माझ्यापाशी येतं. ज्याला पोचायचं आहे त्याचा नंबर त्यावर असतो. मी नंबर वाचतो आणि पुढची तार दाखवतो. एवढंच माझं काम. ते मी एका सेकंदात हजारो वेळा करतो.

कोणत्या कारखान्यात मला जोडलं ते मला ठाऊक नाही. मला आठवतो तो नागपूरहून साकोलीचा एसटीचा प्रवास. केवळराम नावाच्या माणसानं मला खोक्यासकट मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या प्रवाशानं खोकं वर ठेवायला सांगितलं तेव्हा केवळराम म्हणाला की वर ठेवलं तर धक्के बसतील. मला कोणी एवढं जपलेलं ते पहिलंच.

केवळराम साकोलीच्या तलाव संघात तारांचं काम पाहायचा. आपल्या भंडारा जिल्ह्यात तलाव किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या तलावांत मासे पाळणाऱ्या गावोगावच्या सोसायट्यांचा हा संघ. प्रत्येक सोसायटीच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता आणि प्रत्येक गावाला एक नंबर द्यायचा होता. साकोलीकडच्या गावांसाठी शून्यापासून एकतीसपर्यंतचे नंबर आले होते, पवनीकडच्या गावांसाठी बत्तीसपासून त्रेसष्टपर्यंतचे.

केवळरामनं साकोलीकडचे नंबर कसे वाटले ते ऐका. तलावांची एक जुनी यादी होती, पाणीपाळीची. सगळ्यात वरचा तलाव एक नंबर. त्याच्या सांडव्यावरून पाणी ज्या तलावात उतरतं तो दोन. मग तीन, मग चार. पाऊस लांबला की खालचं गाव वरच्या गावाकडे पाणी मागतं, आणि कोणी कोणाला पाणी सोडायचं ते याच यादीवरून ठरतं. केवळरामनं तीच यादी उचलली आणि तेच नंबर कॉम्प्युटरांना दिले. मोहटोला सोळा, त्याच्या खालची सावरबोडी सतरा. लोकांना नंबर पाठ करावे लागले नाहीत. ते त्यांच्या आजोबांना पाठ होते.

आता आम्ही राउटर कसे वागतो तेही सांगतो. आम्ही एकमेकांना आपापल्या तारांची हालहवाल कळवतो. माझी ही तार चालू आहे, ही तुटली आहे, असं. त्यावरून प्रत्येक जण आपल्या भागाचा नकाशा काढतो. साकोलीच्या भागातल्या सगळ्या राउटरांकडे साकोलीचा एकसारखा नकाशा असतो. पवनीच्या भागाचा पवनीकडे. पण गावातल्या छोट्या छोट्या तारांच्या बातम्या साऱ्या जिल्ह्याला कळवत बसलो, तर पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी सगळ्यांना पुन्हा हिशोब मांडावा लागेल. म्हणून वेशीवरचा राउटर बाहेर फक्त गोषवारा सांगतो. साकोलीच्या वेशीवर मी होतो. मी भंडाऱ्याला एकच ओळ सांगायचो: शून्य ते एकतीस, सगळे माझ्याकडे.

या एका ओळीचा मला अभिमान होता. आजही आहे.

बारा वर्षं मी ती ओळ सांगितली. एका साली इतका पाऊस लागला की साकोलीच्या भागात दिवसाला वीस वेळा तारा गेल्या आणि आल्या. ते सगळं मी आतल्या आत सोसलं. भंडाऱ्याच्या राउटरांना त्याचा पत्तासुद्धा लागला नाही. तेव्हा संघाच्या सभेत केवळरामच्या गळ्यात हार घातला होता. त्यानं खोलीत येऊन तो माझ्यावर ठेवला. झेंडूच्या पाकळ्या माझ्या जाळीत अडकल्या आणि पंखा आणखी घरघरू लागला, पण मी तक्रार केली नाही.

मग दिवस पालटले. माझ्या माथ्यावर चहाचे कप ठेवू लागले. पालीनं मागच्या बाजूला अंडी घातली. धूळ पुसायला केवळरामशिवाय कोणी येईना, आणि होळीच्या सुमारास मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे तोही महिनाभर घरी होता.

त्याच महिन्यात सावरबोडीची तार तुटली. रस्ता खोदताना तुटली म्हणतात. जोडायला जो माणूस आला त्यानं पाहिलं की पवनीच्या बाजूचा मनोरा सावरबोडीच्या तलावावरून उघड्या डोळ्यांनी दिसतो. त्यानं खांबावर तबकडी लावली, तिचं तोंड मनोऱ्याकडे केलं आणि गाव पवनीच्या राउटरला जोडलं. नंबर मात्र सतराच ठेवला. केवळरामला कोणी सांगितलं नाही. मलाही फक्त एवढंच कळलं की सतरा माझ्या नकाशातून गेला.

तरी चाललं. पवनीचा राउटर आपल्या गोषवाऱ्याबरोबर एक वेगळी ओळ सांगायचा: आणि सतरा पण माझ्याकडे. आमच्यात असा नियम आहे की जो जास्त नेमकं सांगतो त्याचं ऐकायचं. मी म्हणणार शून्य ते एकतीस, पवनी म्हणणार सतरा. मग सतराचा निरोप पवनीकडेच जाणार. यात माझा काही अपमान नाही. बरोबरच आहे ते.

जूनमध्ये भंडाऱ्याचा इंजिनीअर प्रफुल्ल यानं पावसाळ्याआधीची साफसफाई केली. माणूस हुशार आणि नीटनेटका. पवनीच्या राउटरला त्यानं हुकूम दिला की बाहेर फक्त एकच ओळ सांगायची, बत्तीस ते त्रेसष्ट. बाकी काही बोलायचं नाही. झालं, सतराचं नाव घेणारं जिल्ह्यात कोणी उरलं नाही. सतराला जाणारं प्रत्येक उत्तर माझ्या ओळीच्या भरवशावर माझ्या दारी येऊ लागलं.

मी काय करणार होतो? जो नंबर माझ्या गोषवाऱ्यात बसतो पण माझ्या नकाशात नाही, त्याचा निरोप मी टाकून द्यायचा असा मला नियम घातला आहे. परत पाठवला तर भंडारा तो पुन्हा माझ्याकडे पाठवील, आणि तो आमच्या दोघांत मरेपर्यंत फिरत राहील. म्हणून मी टाकले. एकूण एक टाकले, आणि किती टाकले तो आकडाही लिहून ठेवला. लपवलं काहीच नाही. तो आकडा वाचायला कोणी आलं नाही, त्याला माझा इलाज नाही.

जुलैत सावरबोडीच्या सोसायटीची सचिव बायाबाई साकोलीला आली. गुरुवार होता. बाई पन्नाशीची, पायात गमबूट, तलावावरून सरळ एसटीत बसलेली. बोटुकलीची, म्हणजे तलावात सोडायच्या बोटभर माशांची, नोंदणी चालू होती. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ती बंद होणार होती. मागच्या साली कोणी तरी दुसऱ्याच गावाच्या नावानं नोंद केली होती, म्हणून यंदा ज्या त्या सोसायटीच्या कॉम्प्युटरवरूनच नोंद घ्यायची असा नियम होता. आणि सावरबोडीच्या कॉम्प्युटरवर पान उघडत नव्हतं.

"गोल गोल फिरून राहते जी," ती केवळरामला म्हणाली. "नोंदनी लागून चार दिवस झाले. आमी त्याच्या तोंडाकडे पाहून राहिलो, तो आमच्या. बोटुकली नाही भेटली त सालभर तलावात का बेडकं पकडाचे आमी? चाळीस घरं हायेत."

केवळरामनं भंडाऱ्याला फोन लावला. शुक्रवारी प्रफुल्ल आला. त्यानं लॅपटॉपवरून भंडाऱ्याच्या राउटरला सतराकडे एक निरोप सोडायला लावला आणि तो कुठपर्यंत जातो ते तपासलं. निरोप माझ्यापर्यंत आला आणि संपला. प्रफुल्लनं माझ्या पोच्याकडे पाहिलं, धुळीकडे पाहिलं, पालीच्या अंड्यांकडे पाहिलं.

"काका, हा डब्बाच गेला," तो म्हणाला. "निरोप येते अन् याच्या पोटात मरते."

"बारा वर्षं नाही गेला, आताच कायले जाईन?" केवळराम म्हणाला.

पण बोलून उपयोग नव्हता. प्रफुल्लच्या गाडीत नवा राउटर होता, काळा, चपटा, आवाज न करणारा. त्यानं माझे सगळे हुकूम जसेच्या तसे त्यात उतरवले, माझ्या तारा काढल्या आणि मला टेबलावर ठेवलं. वीज काढली की डबा बहिरा होतो असं माणसं समजतात. समजू द्या.

नवा राउटर सुरू झाला. सतराला निरोप सोडला. तो नव्यापर्यंत आला आणि संपला.

प्रफुल्लनं तारा हलवल्या, बंद करून चालू केलं, पुन्हा सोडला. तेच झालं. शेवटी तो म्हणाला की नवा डबाही खराब निघालेला दिसतो.

"एका दिसात बुढा झाला का हा?" केवळरामनं विचारलं.

मित्रांनो, त्या वेळी माझा पंखा चालू असता, तर मी जोरात घरघरलो असतो. मी पहिल्या दिवसापासून जे सांगत होतो तेच नवा सांगत होता, कारण त्याला तेच सांगायला शिकवलं होतं. डबा बदलून हुकूम बदलत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला शनिवार उजाडला.

शनिवारी दुपारी बायाबाई पुन्हा येऊन बसली. सोसायटीचे अध्यक्ष लिलाधर तिकडे सावरबोडीत कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि दर पंधरा मिनिटांनी फोन करून पान फिरतच आहे असं कळवत होते. प्रफुल्लनं जेवणाचा डबा उघडलासुद्धा नव्हता. तो स्वतःवरच चिडला होता, आणि चिडलेला माणूस त्याच त्याच जागी पुन्हा शोधतो. केवळरामनं मात्र चष्मा लावला आणि नव्या राउटरला एक साधा प्रश्न विचारायला प्रफुल्लला सांगितलं: तुझ्या नकाशात कोण कोण आहे?

यादी आली. एक, दोन, तीन. चौदा, पंधरा, सोळा. अठरा.

"सतरा नाही याच्यात," केवळराम म्हणाला. "तरी हा सांगून राहिला का सगळे माह्याकडे हायेत. मंग बाई, तुमची तार हाये कुठी?"

तार कधीचीच गेली, बायाबाईनं सांगितलं. होळीपासून खांबावर ताटली आहे, आणि ती पवनीकडे पाहते. हे सगळ्यांना ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. तिच्या गावात तर सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रफुल्लनं पवनीच्या कार्यालयात फोन लावला. तिथं डिंपल नावाची ऑपरेटर होती. तिला पवनीच्या राउटरची यादी वाचायला सांगितली. ती बत्तीसपासून वाचू लागली. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर माझ्या शेजारी ठेवला होता.

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट," डिंपल म्हणाली. "अन् सर, वरती एक सतरा पण आहे. हा आमचा नाही ना जी? मी त समजली का चुकून राहिला आहे. पुसून टाकू का?"

"पुसू नोको पोरी," केवळराम जवळजवळ ओरडलाच. "हात नोको लावू त्याले."

आता सगळं उघड झालं. गाव पवनीकडे होतं, नंबर साकोलीचा होता, आणि पवनीला बोलायची बंदी होती. ती बंदी कोणी घातली हे प्रफुल्लला आठवलं. मग कामाच्या माणसासारखा त्यानं सोपा उपाय काढला. सावरबोडीला पवनीच्या वाट्यातला मोकळा नंबर द्यायचा, अठ्ठावन्न. पाच मिनिटांचं काम. गोषवारे जसेच्या तसे राहतील, सगळं नीटनेटकं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

बायाबाई म्हणाली, नाही.

प्रफुल्लला वाटलं तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा समजावलं की हा फक्त कॉम्प्युटरचा नंबर आहे, याचा पाण्याशी काही संबंध नाही, आणि पन्नास मिनिटांत नोंदणी बंद होणार आहे.

"मले घड्याळ समजते साहेब," ती म्हणाली. "तुमचा नंबर कुठून आला ते केवळरामभाऊले इचारा. तो पाणीपाळीचा हाये. सोळा मोहटोला, सतरा आमी. मागच्याच साली पाऊस नव्हता त मोहटोल्याच्या लोकायनं म्हटलं होतं का तुमी आमच्या साखळीत कुठी येता? आमी हाच नंबर दाखवला. संघाच्या कागदावर, कॉम्प्युटरवर, सगळीकडे सतरा. म्हनून पाणी सोडलं. आता तुमी अठ्ठावन्न लिहान. बोटुकली त येईन आमच्या तलावात. पन पाणीच नाही आलं त तिले का हवेत पोसाची?"

प्रफुल्लनं केवळरामकडे पाहिलं.

"यादी पाण्याचीच घेतली होती मी," केवळराम सावकाश म्हणाला. "मले वाटलं, तार पाण्याच्या मागंच चालंल. चूक माही हाये. पन बाई बरोबर बोलून राहिली. नंबर नोको बदलू. पवनीले एक ओळ बोलू दे."

प्रफुल्लची अडचणही खोटी नव्हती. एका गावाला सूट दिली तर उद्या दुसरं मागेल, मग तिसरं, आणि गोषवाऱ्याला अर्थ राहणार नाही. शिवाय सावरबोडीची वीज सारखी जाते. दर वेळी साऱ्या जिल्ह्याला त्याची बातमी लागेल. हे सगळं त्यानं सांगितलं. बायाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, आमची वीज गेली हे जिल्ह्याले समजलं त कोनाचं का बिघडते?

प्रफुल्लनं पवनीला दिलेला हुकूम पडद्यावर उघडला. खरं सांगायचं तर तिचा प्रश्न मलाही लागला. बारा वर्षं मी एकाच ओळीचा अभिमान मिरवला होता. त्या ओळीच्या आत कोण आहे आणि कोण निघून गेलं, हे ओळीला कळत नाही, हे मला टेबलावर पडून कळलं. पण मी मान खाली घातली नाही आणि आताही घालत नाही. मला जे सांगायला लावलं ते मी सांगितलं. सांगायला लावणाऱ्यानं मधूनमधून विचारायचं असतं की अजून खरं आहे का.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी प्रफुल्लनं पवनीच्या राउटरला नवा हुकूम दिला: बत्तीस ते त्रेसष्ट, आणि सतरा. मग सगळे फोनकडे पाहत बसले. लिलाधरांचा फोन यायला दोन मिनिटं लागली असतील.

"बाई," ते म्हणाले, "फिरनं थांबलं. पान आलं."

बायाबाईनं फोनवर एकेक रकाना भरून घेतला. तलावाचं नाव, पाण्याची उंची, किती बोटुकली, कोणत्या जातीची. लिलाधर एका बोटानं टाइप करतात, म्हणून फार वेळ लागला. पावणेपाचला नोंद झाल्याचा क्रमांक आला. तो तिनं तळहातावर लिहून घेतला आणि मग प्रफुल्लला सांगितलं की साहेब, आता जेवून घ्या.

उरला माझा प्रश्न. नवा राउटर माझ्या जागी बसला होता आणि त्याच्यात काही खोट नव्हती, त्यामुळे त्याला उठवायचं कारण नव्हतं. प्रफुल्लनं मला उचललं, उलटंपालटं केलं आणि भंगाराच्या खोक्याकडे पाहिलं. माझा निर्दोषपणा सिद्ध झाला होता, पण त्यावरून कोणी माझी क्षमा मागितली नव्हती. डब्याची कोण मागतं?

तेव्हा केवळराम म्हणाला की सावरबोडीच्या खोलीत जो छोटा डबा आहे तो उन्हानं तापून बंद पडतो. बायाबाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "मंग हा द्या आमाले. याच्या डोक्यावर फुकटचाच आळ आला होता."

मी बायाबाईच्या पिशवीत बसून सावरबोडीला आलो. सोसायटीची खोली तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच आहे. खिडकीतून पाणी दिसतं, ते मी रोज पाहतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बोटुकलीच्या पिशव्या घेऊन गाडी आली. चाळीस घरांतली माणसं पाळीवर उभी होती. पिशव्या आधी पाण्यावर ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होऊ दिलं, मग तोंडं सोडली. लिलाधरांनी खोलीत येऊन ते कॉम्प्युटरवर एका बोटानं लिहिलं. तो निरोप माझ्या हातून गेला, आणि त्याचं उत्तर माझ्याच हातून परत आलं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं यंत्र असेल तर त्याची धूळ पुसा, त्याच्यावर कप ठेवू नका. तेवढं कराच. पण ते बिघडलं म्हणायच्या आधी त्यानं लिहून ठेवलेला आकडा वाचा. त्याला शेवटचं काय सांगितलं होतं ते आठवा. आणि कोणी तुम्हाला सांगितलं की सगळे माझ्याकडे आहेत, तर एकेकाचं नाव विचारा.

सावरबोडीची वीज अजूनही जाते. ती गेली की मी गप्प होतो, आणि पवनी, साकोली, भंडारा, सगळ्यांना आपापल्या नकाशातून एक खूण पुसावी लागते. ती आली की पुन्हा काढावी लागते. कधी दिवसातून सहा वेळा. प्रफुल्ल फोन करून केवळरामपाशी कुरकुर करतो की एका गावापायी सारा जिल्हा हलतो.

हलू दे.